गाळलेला शब्द आणि वाचकाचे उत्तरदायित्व

१

संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूत शोधावयाचा, शब्दांच्या रचनेत शोधावयाचा, की वाचकाच्या वाचनकृतीत, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतुविषयक तर्कदोषाची मांडणी केली. १९६७ मध्ये बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि त्याच वर्षी हर्श यांनी लेखकाला अभिप्रेत असलेल्या अर्थालाच प्रमाण मानणारा प्रतिवाद उभा केला. आपल्या विद्यापीठीय वर्गांत हा वाद आज जवळजवळ निकालात निघाल्यासारखा शिकवला जातो. लेखकाची सत्ता संपली, वाचक मुक्त झाला, असे त्याचे सार सांगितले जाते. या मुक्तीला प्रस्तुत लेखात एक नैतिक प्रश्न विचारावयाचा आहे. वाचकाच्या हाती केवळ पुस्तक नसून तुरुंगाची किल्लीही असेल, तर त्याच्या वाचनाचे स्वातंत्र्य कोणत्या अर्थाने स्वातंत्र्य उरते?

असा वाचक म्हणजे न्यायाधीश. कवितेचे दोन समीक्षकांनी दोन अर्थ लावले तर दोन्ही अर्थ ग्रंथालयात शेजारी शेजारी नांदू शकतात. राज्यघटनेच्या एका कलमाचे दोन अर्थ लावले गेले तर त्यांपैकी एकाची अंमलबजावणी होते आणि दुसरा निकालपत्राच्या पानांत राहतो. गाडामर यांनी १९६० मध्ये अर्थनिर्णयनाचा विचार करताना विधीच्या वाचनाला आदर्श उदाहरणाचे स्थान दिले, ते समजून घेणे आणि उपयोजन करणे या दोन क्रिया तेथे वेगळ्या काढता येत नाहीत म्हणून. रॉबर्ट कव्हर या अमेरिकन विधिज्ञाने १९८६ मध्ये त्याच वस्तुस्थितीची काळी बाजू दाखवली. न्यायाधीशाचा शब्द कोणाच्या तरी शरीरावर जाऊन पडतो, म्हणून साहित्याच्या वाचनाशी त्याची सरळ तुलना करणे धोक्याचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

या प्रश्नाचा आधुनिक इतिहास अमेरिकेच्या राज्यघटनेपासून सुरू होतो. १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे सिद्ध झालेल्या त्या संहितेचे तिसरे कलम एक सर्वोच्च न्यायालय स्थापन करते आणि कनिष्ठ संघीय न्यायालये निर्माण करण्याचे काम काँग्रेसवर सोपवते. मात्र घटनेशी विसंगत कायदा न्यायालयाने रद्द ठरवावा, असे त्या संहितेत कोठेही स्पष्टपणे लिहिलेले नाही. तो अधिकार १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती जॉन मार्शल यांनी संहितेतून वाचून काढला. घटना लिखित आहे, ती सर्वश्रेष्ठ कायदा आहे आणि कायदा काय आहे हे सांगणे हे न्यायालयाचे काम आहे. तेव्हा घटना आणि साधा कायदा यांचा विरोध आला तर न्यायालयाने घटनेचा पक्ष घेतला पाहिजे, असा तो युक्तिवाद. म्हणजे संहितेचा अधिकृत वाचक कोण, हे संहितेने सांगितले नव्हते. एका वाचकाने ते सांगितले आणि स्वतःकडे बोट दाखवले. वाचकाच्या सत्तास्थापनेचे इतके उघड उदाहरण साहित्याच्या इतिहासात सापडणे कठीण.

या वाचकाच्या सत्तेची भीती आणि तिची गरज, दोन्हींचा अनुभव आपल्या घटनाकारांनी घेतला. तो अनुभव एका शब्दात साठलेला आहे, आणि तो शब्द आपल्या घटनेत नाही.

२

अमेरिकेच्या घटनेतील पाचवी दुरुस्ती (१७९१) आणि चौदावी दुरुस्ती (१८६८) या दोन्हींनुसार कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता यथोचित विधिप्रक्रियेवाचून हिरावून घेता येत नाही. या वाक्प्रयोगातील सारा भार ‘यथोचित’ या विशेषणावर आहे. प्रक्रिया असणे पुरेसे नाही, ती उचित असली पाहिजे. आणि उचित काय, हे ठरवण्याचे काम ओघानेच न्यायाधीशाकडे येते. विधीच्या संहितेत शिरलेले हे एक नीतिवाचक पद आहे. औचित्यविचाराची परंपरा ज्ञात असलेल्या मराठी वाचकाला त्याचे स्वरूप वेगळे समजावून सांगावयास नको.

या पदाचा उपयोग दुर्बलांच्या रक्षणासाठीच झाला, असे मात्र नाही. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतील कामगारांच्या कामाला दिवसाला दहा तास आणि आठवड्याला साठ तास अशी मर्यादा घातली होती. लॉकनर खटल्यात १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी तो कायदा रद्द केला. चौदाव्या दुरुस्तीतील ‘स्वातंत्र्य’ या शब्दात करार करण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि कामगाराचे ते स्वातंत्र्य कायद्याने हिरावले आहे, असे बहुमताचे वाचन होते. चौदा तास भट्टीपुढे उभे राहण्याचे स्वातंत्र्य! न्यायमूर्ती होम्स यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात घटनेला एका विशिष्ट आर्थिक सिद्धांताचे वाहन बनवण्यावर कठोर टीका केली. या प्रकारच्या वाचनाचा प्रभाव ओसरायला १९३७ साल उजाडावे लागले.

भारताचे घटनाविषयक सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले तेव्हा लॉकनरची ही आठवण ताजी होती. तेथे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना यथोचित प्रक्रियेच्या कलमापासून सावध केले. मूठभर न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींचे कायदे आपल्या औचित्यकल्पनेवर घासून पाहावेत हे लोकशाहीशी विसंगत आहे आणि न्यायसंस्थेवरही ते अन्यायकारक ओझे आहे, असे त्यांचे मत होते. घटना समितीने मूलभूत हक्कांच्या आरंभीच्या कलमांत ‘यथोचित प्रक्रिया’ स्वीकारलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने ते शब्द काढले आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतील रचनेच्या धर्तीवर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द घातले. विशेषण गेले, प्रक्रिया उरली.

हा बदल सहजासहजी झाला नाही. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी जुन्या शब्दांच्या बाजूने उभे राहिले, तर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी नव्या शब्दांचे समर्थन केले. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर या चर्चेला उत्तर देण्यासाठी उठले तेव्हा त्यांनी जे केले ते घटना समितीच्या वृत्तांतात विरळा आहे: त्यांनी निर्णय दिला नाही. पक्षीय बहुमताने भरलेले विधिमंडळ व्यक्तीच्या मूलभूत हक्कांवर घाला घालणारे कायदे करू शकेल, ही शक्यता त्यांना नाकारता येत नव्हती. त्याच वेळी, न्यायासनावर बसलेल्या पाच-सहा व्यक्तींनी आपल्या सदसद्विवेकाच्या वा पूर्वग्रहांच्या बळावर कोणता कायदा चांगला आणि कोणता वाईट हे ठरवावे, हेही त्यांना विश्वासार्ह वाटत नव्हते. दोन संकटांमधून नाव हाकारण्याचा हा प्रसंग आहे, असे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने मसुदा समितीचे शब्द कायम केले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये आजचे बाविसावे कलम मांडताना, आधीच्या कलमात जे गमावले त्याची ही काही अंशी भरपाई आहे, अशा आशयाचे विवेचन डॉ. आंबेडकरांनी केले. अटकेची कारणे कळवणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे संकेत त्या कलमाने घटनेत आणले.

हेतुवादी समीक्षकाने या प्रसंगाकडे नीट पाहावे. येथे लेखक एक नाही, शेकडो आहेत. त्यांच्यातील प्रमुखाचे मन दुभंगलेले आहे आणि तो ते लपवीत नाही. तरीही एक गोष्ट निःसंदिग्ध आहे: ‘यथोचित’ हा शब्द विसरून राहिलेला नाही, विचारपूर्वक गाळलेला आहे. मग वाचकाने तो परत वाचावा काय?

३

हा प्रश्न न्यायालयापुढे घटना अमलात येताच आला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांना मद्रास राज्यात प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली डांबण्यात आले होते. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेचा निकाल दिला. सरन्यायाधीश हरिलाल कनिया, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, आणि त्यांच्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी एकविसाव्या कलमातील ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, असा अर्थ घेतला. न्यायमूर्ती फझल अली यांनी मात्र नैसर्गिक न्यायाची मूलतत्त्वे, म्हणजे सूचना मिळणे, बाजू मांडता येणे, निःपक्षपाती निवाडा होणे, ही त्या शब्दांच्या पोटात आहेत असे मानले.

आपल्या परिभाषेत हा वाद अभिधा आणि लक्षणा यांचा आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या अर्थनिर्णयाच्या नियमांची विस्तृत चर्चा केली आहे. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत होते हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमांचे महत्त्व केवळ प्राचीन म्हणून नाही हे लक्षात येते. साहित्यशास्त्रानुसार लक्षणेचा आश्रय मनाला येईल तेव्हा घेता येत नाही. मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असला पाहिजे, आणि त्यामागे रूढी वा प्रयोजन असले पाहिजे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे कोणी म्हणाले तर पाण्याच्या प्रवाहावर वस्ती वसणे अशक्य, म्हणून आपण गंगेचा तीर घेतो.

एकविसाव्या कलमात मुख्यार्थाला बाध येतो काय? फझल अली यांच्या बाजूने म्हणता येईल की तो येतो. हे कलम मूलभूत हक्कांच्या भागात आहे, आणि तेराव्या कलमानुसार या भागाने विधिमंडळालाही बांधलेले आहे. ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळ करील ते सर्व, असा अर्थ घेतला तर विधिमंडळाविरुद्ध दिलेला हक्क विधिमंडळाच्याच मर्जीवर राहतो. परंतु याला एक सबळ उत्तर आहे. कलमाला तरीही अर्थ उरतो: विधिमंडळाला ते बांधत नसेल, पण शासनाला, पोलिसाला, अधिकाऱ्याला ते बांधते. कायद्याचा आधार नसताना कोणालाही डांबता येणार नाही, एवढा अर्थ निश्चितच शिल्लक राहतो. म्हणजे मुख्यार्थबाध पूर्ण नाही, आणि गाळलेला शब्द परत आणण्यासाठी केवळ प्रयोजन पुढे करणे भाग आहे. कनिया यांच्या वाचनात लेखकाविषयीचा आदरही होता. जे घटना समितीने हेतुपुरस्सर नाकारले ते न्यायाधीशाने मागील दाराने आणू नये, हा संयम उपहासाचा विषय नाही. लॉकनर आठवत असणाऱ्याने तर त्याचा उपहास करूच नये.

अडचण अशी की हा संयम पुढे त्या शिल्लक अर्थाचेही रक्षण करू शकला नाही.

४

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. २७ जून रोजी राष्ट्रपतींनी तीनशे एकोणसाठाव्या कलमाखाली आदेश काढून चौदा, एकवीस आणि बावीस या कलमांतील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित केला. मिसाखाली डांबलेल्यांनी देशभरातील उच्च न्यायालयांत देहोपस्थितीचे अर्ज केले. मुंबई उच्च न्यायालयासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले की स्थानबद्धतेचा आदेश त्या कायद्याच्या चौकटीत आहे की नाही, एवढे तरी आम्ही पाहू शकतो. त्याच डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा आणि कारावासातील जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीचा विषय जाहीरपणे काढला, हे मराठी वाचकाला ज्ञात आहे. त्या पर्वात मराठी साहित्यव्यवहार आणि विधिव्यवहार एकाच प्रश्नापुढे उभे होते, ही गोष्ट मात्र आपल्या समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चारास एक मतांनी ही नऊ उच्च न्यायालयांची वाचने रद्द केली. सरन्यायाधीश ए. एन. रे, न्यायमूर्ती एम. एच. बेग, पुण्यात जन्मलेले व मुंबई उच्च न्यायालयातून आलेले यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती हे बहुमतात होते. त्यांच्या मते जीविताच्या आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचे एकमेव निधान म्हणजे एकविसावे कलम. त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला असेल तर आदेश कायद्याला धरून नाही असे म्हणण्यासाठीही दार उघडे राहत नाही. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले होते की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय? या युक्तिवादानुसार तेव्हाही न्यायालयात उपाय नाही, असे उत्तर मिळाले होते.

या निकालाला केवळ भित्रेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण वाचनाच्या सिद्धांताच्या दृष्टीने ते अपुरे आहे. बहुमताच्या हाती शब्द होते. तीनशे एकोणसाठाव्या कलमाची भाषा खरोखरच व्यापक होती. खन्ना यांच्या विसंमतीचे मर्म शब्दांच्या अधिक बारकाव्यात नसून एका वेगळ्या गृहीतकात आहे. कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, हे तत्त्व एकविसाव्या कलमाने निर्माण केले नाही. घटनेपूर्वीही ते होते, आणि कायद्याचे राज्य या कल्पनेचा तो गाभा आहे. प्रश्न असा होता की संहिता ही हक्काचा उगम आहे की हक्काची साक्ष? बहुमताने संहितेला उगम मानले. म्हणून संहितेचे पान मिटताच हक्कही मिटला. खन्नांनी तिला साक्ष मानले. साक्षीदाराचे तोंड बंद केल्याने घडलेली गोष्ट न घडलेली होत नाही. विसंमतीची किंमत खन्नांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

आणि येथे आधी मांडलेला मुद्दा परत येतो. गोपालन निकालात मुख्यार्थाचा म्हणून जो अवशेष राखला होता, म्हणजे निदान शासनाला तरी कायद्याचे बंधन आहे, तोच १९७६ मध्ये निरुपयोगी झाला. संहितेतील पदांना व्यर्थता येईल असा अर्थ घेऊ नये, हा मीमांसेचा मूलभूत दंडक आहे. शब्दनिष्ठ म्हणवणाऱ्या वाचनाने शब्दनिष्ठेचा हा पहिलाच नियम मोडला.

आणखी एक बाजू न्यायव्यवस्थेच्या रचनेची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकन पद्धतीशी तुलना केली होती. तेथे संघराज्याची न्यायालये वेगळी आणि प्रत्येक घटक राज्याची वेगळी. भारतात मात्र संघराज्य असूनही न्यायसंस्था एकसंध राहील, उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय मिळून एकच व्यवस्था होईल. कायद्याची मूलभूत एकरूपता टिकावी हा त्यामागचा हेतू होता. अमेरिकेत राज्याचे सर्वोच्च न्यायालय आपल्या राज्यघटनेतील तत्सम शब्दांचा अधिक उदार अर्थ लावू शकते आणि राज्याच्या कायद्यापुरता तो अर्थ अंतिम राहतो. आपल्याकडे एकशे एक्केचाळीसाव्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. १९७६ मध्ये नऊ ठिकाणी जागे असलेले वाचन एका दिवसात, एका निकालाने झोपवले गेले. एवढ्यावरून अमेरिकन द्वैत श्रेष्ठ ठरते असे नाही. त्याच द्वैताच्या आश्रयाने दक्षिणेकडील राज्यांच्या न्यायालयांनी वर्णभेद दीर्घकाळ सांभाळला, आणि १९५४ च्या ब्राउन निकालाला संघीय न्यायालयाचीच गरज लागली. सार एवढेच की वाचकांची संख्या कमी केली म्हणून वाचनाची सुरक्षितता वाढत नाही. चुकीचा आवाका मात्र वाढतो.

हा आवाका दिल्लीत मोजता येत नाही. तो मोजायचा तर राई, मुर्धा, मोरवा यांसारख्या भाईंदरच्या खाडीकाठच्या गावांत जावे लागते. तेथल्या माणसाला पोलीस घेऊन गेले तर बावीस क्रमांकाचे कलम त्याच्या घरच्यांना ठाऊक असतेच असे नाही. त्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते की नाही, आणि दंडाधिकारी कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्याकडे पाहतो की नाही, यात त्या कलमाचा सारा अर्थ सामावलेला असतो. संहितेचा शेवटचा वाचक तोच.

५

२५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या प्रकरणात सात न्यायाधीशांनी निकाल दिला. कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, मनमानी असता कामा नये, असे बहुमताने ठरवले. तीस वर्षांपूर्वी गाळलेला शब्द वेगळ्या वेशात परत आला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बेग, चंद्रचूड आणि भगवती हे तिघेही या पीठावर होते. एकविसावे कलम तेच, त्यातले शब्द तेच, तीन वाचकही तेच. मधे गेले होते अवघे एकवीस महिने. घटना समितीचा हेतू या एकवीस महिन्यांत बदलला नव्हता. बदलली होती राजकीय परिस्थिती, आणि तिच्याबरोबर वाचकाची धारणा.

वाचकवादी सिद्धांताला यात आपला विजय दिसेल. अर्थ वाचकसमुदायाच्या गृहीतकांतून निर्माण होतो, हे स्टॅन्ली फिश यांचे प्रतिपादन याहून चांगले सिद्ध होणार नाही. पण हा विजय साजरा करण्याजोगा नाही. परिस्थितीनुसार अर्थ उदार होत असेल तर परिस्थितीनुसार तो कृपणही होईल, आणि त्या कृपणतेच्या काळात तुरुंगात असणाऱ्याला सिद्धांताने काय द्यावे?

उदारतेची मर्यादाही मुंबईनेच दाखवली. १९८१ मध्ये राज्य सरकारने व महापालिकेने मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवण्याचे ठरवले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण जगण्याचे साधन काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे, हे त्यांनी मान्य केले. १९७६ मध्ये ज्या कलमातून साधी चौकशीही निघत नव्हती त्याच कलमातून त्याच वाचकाने नऊ वर्षांनी भाकरी काढून दाखवली. परंतु पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार त्या निकालाने वैध ठरवला. पूर्वसूचना सामान्यतः द्यावी आणि पावसाळा संपेपर्यंत थांबावे, एवढा दिलासा मिळाला. अर्थाचा विस्तार झाला, माणसाचे स्थलांतर टळले नाही. विधिमहाविद्यालयांत या निकालाचा पूर्वार्ध शिकवला जातो. पदपथावरच्या माणसाने उत्तरार्ध वाचला. संहितेत अर्थाची समृद्धी येणे आणि त्या अर्थाने कोणाचे तरी जगणे बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली समीक्षा पहिलीवर समाधान मानायला फार लवकर तयार होते.

६

आता पुराव्याची मांडणी एकत्र पाहू. लॉकनरमध्ये मुक्त वाचनाने कामगाराचे नुकसान केले. गोपालनमध्ये संयमी वाचन समर्थनीय होते, पण अपुरे ठरले. १९७६ मध्ये शब्दनिष्ठ वाचनाने हजारो स्थानबद्धांना निराधार केले. १९७८ मध्ये मुक्त वाचनाने हक्क परत दिला, तर १९८५ मध्ये मुक्त वाचन हक्क देऊन हात झटकून उभे राहिले. यातून एक निष्कर्ष अटळ दिसतो: कोणतीही वाचनपद्धती स्वतःच्या बळावर न्यायाची हमी देत नाही. हेतुवाद, शब्दवाद, वाचकवाद या तिन्हींचा उपयोग माणसाला वाचवण्यासाठी झाला आहे आणि त्याला सोडून देण्यासाठीही.

यावर रोनाल्ड ड्वॉर्किन यांचे उत्तर विचारार्ह आहे. अनेक लेखकांनी मिळून एक कादंबरी प्रकरणशः लिहावी, तसा न्यायाधीश आधीच्या प्रकरणांशी सुसंगत आणि त्या कृतीला जास्तीत जास्त चांगले रूप देणारे पुढचे प्रकरण लिहितो, अशी त्यांची मांडणी आहे. रूपक मोहक आहे. पण कादंबरीतले एखादे प्रकरण फसले तर पात्रांना इजा होत नाही. जबलपूर प्रकरण हे या कादंबरीचे फसलेले प्रकरण होते असे म्हणताना, ज्यांचे महिने आणि वर्षे त्या प्रकरणात गेली ते पात्रे नव्हते, हे विसरले जाते.

मग गाळलेला शब्द परत वाचणे समर्थनीय आहे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ते पद्धतीच्या आधारावर नाही. ज्याच्या विरुद्ध वाचन वापरले जाणार आहे त्याला सांगता येईल अशा कारणांनी ते केलेले असावे, आणि वाचणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घ्यावे. मी नाही, संहितेनेच सांगितले, असे म्हणण्याची सोय १९७६ च्या बहुमताने घेतली. संहितेने माझ्याकडून हे करवून घेतले, ही भूमिका लॉकनरच्या न्यायाधीशांनीही घेतली होती. दोन्हीकडे वाचक आपल्या वाचनाच्या मागे लपला. खन्ना लपले नाहीत. ते कोणत्या गृहीतकावर उभे आहेत हे त्यांनी उघड केले, त्यामुळे ते गृहीतक खोडून काढण्याची संधीही त्यांनी दिली. १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या मनाचे दुभंगलेपण सभागृहापुढे ठेवले, तेही याच प्रकारचे उत्तरदायित्व होते. निर्णय न देण्यातही त्यांनी निर्णयाचे वजन कमी करून दाखवले नाही.

याला एक गंभीर आक्षेप घेता येईल. प्रामाणिकपणे, उघडपणे, स्वतःच्या नावावर केलेले वाचनही अन्यायी असू शकते. हे खरे आहे. उत्तरदायित्वाने वाचन बरोबर ठरत नाही. ते दुरुस्त करता येण्याजोगे मात्र राहते. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पुढे एकविसाव्या कलमाच्या स्थगितीचा मार्ग बंद केला. भगवती यांनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूर निकाल मोडीत काढला, आणि त्यातील एक प्रमुख निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे बहुमतातील एका न्यायाधीशाच्या पुत्राचे होते. एकेचाळीस वर्षांनी ही दुरुस्ती शक्य झाली, कारण १९७६ च्या निकालपत्रांतच एक विसंमती लिहून ठेवलेली होती. तिला परतण्यासाठी जागा होती.

पण दुरुस्ती एकाच दिशेने होते असेही समजू नये. अमेरिकेत १९७३ मध्ये चौदाव्या दुरुस्तीतील स्वातंत्र्याच्या उल्लेखातून वाचून काढलेला गर्भपाताचा हक्क २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने डॉब्स निकालात परत घेतला. तो शब्दांत लिहिलेला नाही आणि इतिहासात रुजलेला नाही, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. आपल्या एकविसाव्या कलमातून वाचून काढलेले बरेचसे हक्कही शब्दांत लिहिलेले नाहीत. जे वाचनाने मिळाले ते वाचनाने जाऊ शकते, याचे भान आपल्याकडच्या विस्तारवादी उत्साहात फारसे दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या सर्वातून काय घ्यावे? कविता वाचताना कोणी तुरुंगात जात नाही, हे मान्य. पण दलित आत्मकथनांचे, ग्रामीण कथेचे, स्त्रियांच्या लेखनाचे जे वाचन आपण वर्गात आणि नियतकालिकांत करतो, त्याने कोणाच्या अनुभवाला साक्षीचा दर्जा मिळतो आणि कोणाच्या अनुभवाला केवळ शैलीचा, हे ठरत असते. तेथेही आपण म्हणतो की हे मी नाही, सिद्धांत बोलतो आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर वाचक मुक्त झाला असेल, पण त्याच मुक्तीने त्याच्यापुरती एक पळवाट बंद केली: आता अर्थाची जबाबदारी टाकायला लेखकही उरलेला नाही. लेखकाला निरोप देण्याच्या भरात आपण ही किंमत हिशेबात धरली नाही.